ठगाचा 'थग' झाला तेव्हा

'थग' म्हणजे गुंड, दांडगाई करणारा माणूस. इंग्रजी शब्दकोशांतला मुख्य अर्थ एवढाच. गोरा-काळा असा भेद त्यात नाही. म्हणून अमेरिकेत एखाद्या काळ्या तरुणाला 'थग' म्हटल्यावरून वाद उठला, की तिकडच्या आणि इकडच्याही बऱ्याच शिकलेल्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं: गुंडाला गुंड म्हटलं, त्यात वंशद्वेष कुठून आला? शब्द साधाच आहे, ऐकणारे हळवे झालेत.

हे उत्तर उथळ आहे. शब्दाचा अर्थ कोशात बंद असतो आणि वापरणारा तो तिथून जसाच्या तसा उचलतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. वापरात मात्र वेगळंच दिसतं. १९ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या एका निर्णायक सामन्यात सिअ‍ॅटल सीहॉक्सच्या रिचर्ड शर्मनने शेवटच्या क्षणी चेंडू अडवला आणि संघ सुपर बोलमध्ये गेला. लगेच मैदानावरच झालेल्या मुलाखतीत तो प्रतिस्पर्धी खेळाडूविषयी ओरडून, घमेंडीने बोलला. शिवी दिली नाही, कुणावर हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'थग' हा शब्द ६२५ वेळा उच्चारला गेल्याची मोजणी प्रसिद्ध झाली. शर्मन हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पदवीधर. काळ्यांसाठीची जुनी शिवी आता उघड देता येत नाही, तिची जागा या शब्दाने घेतली आहे, असं तो म्हणाला. त्याच सुमारास झालेल्या एका आइस हॉकी सामन्यात खेळ सुरू होताक्षणी खेळाडू एकमेकांवर तुटून पडले होते. त्यांना कुणी 'थग' म्हटलं का, हा त्याचा प्रश्न होता.

या प्रश्नातच सगळा मुद्दा आहे. शब्दाचा वांशिक अर्थ त्याच्या व्याख्येत शोधून सापडणार नाही. तो शब्द कुणाला लावला जातो आणि तसंच वागणाऱ्या कुणाला लावायचं टाळलं जातं, या वाटपात तो अर्थ असतो. 'थग'चं हे वाटप विसाव्या शतकाच्या अखेरीस ठळक झालं, पण त्याची सोय त्याआधी दीडशे वर्षं, जबलपूर-सागरच्या इंग्रजी कचेऱ्यांत करून ठेवलेली होती. आपल्या भाषांतला एक शब्द तिथे इंग्रजीत गेला आणि जाताना कृत्याचं नाव होता तो जन्माचं नाव झाला.

१. आपला ठक कुणीही असू शकतो

संस्कृतातल्या 'स्थग'पासून, म्हणजे झाकणं, लपवणं या अर्थाच्या धातूपासून, ठक आणि ठग आले. मराठीत ठकवणं म्हणजे फसवणं. ठकबाजी, ठकसेन, 'ठकास महाठक' ही म्हण. या साऱ्यांत लबाडी आहे, थोडं हुशारीचं कौतुकही आहे. पण ठक कुठल्या जातीचा, कुठल्या कुळातला, हा प्रश्न त्यात येत नाही. सावकार ठक असू शकतो, पुजारी असू शकतो, सोयराही असू शकतो. 'महाठक' ही पदवी तर ठकाला ठकवणाऱ्यालाच मिळते. माणूस जे करतो त्यावरून त्याला हा शब्द लागतो आणि त्याने ते करणं सोडलं की सुटतो.

उत्तरेत 'ठग' हा शब्द वाटसरूंशी सलगी करून, वाटेत गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्यांनाही लावला जात असे. अशा टोळ्या होत्या आणि त्यांनी माणसं मारली, याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पुरलेले मृतदेह उकरून काढले गेले होते. त्या टोळ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, अनेक जातींचे होते. शेतकरी होते, नोकरी सुटलेले शिपाई होते. फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने 'कन्फेशन्स ऑफ अ थग' या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरिसिंगचा उल्लेख केला आहे. त्या भागातल्या ठगांचा हा म्होरक्या हिंगोलीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत होता आणि खुद्द टेलरने त्याच्याशी व्यवहार केले होते. चारचौघांसारखं दिसणं हेच त्याचं साधन होतं. म्हणजे चेहऱ्यावरून, वंशावरून ओळखता येत नाही तोच ठग.

२. कंपनी सरकारने शब्दाचं काय केलं

विल्यम हेन्री स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३० पासून ठगांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिचा पाया माफीचे साक्षीदार हा होता. पकडलेल्या एका ठगाने दुसऱ्या दहांची नावं सांगायची, त्या दहांतल्या एकाने आणखी वीस. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जण पकडले गेले आणि ४१२ जणांना फाशी झाली, असे आकडे नोंदले गेले आहेत. खून कुठे, कधी, कुणाचा, हे प्रत्येक वेळी सिद्ध करणं मात्र अवघड होतं. मग कायदाच बदलला. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमानुसार, एखादा माणूस कायद्यापूर्वी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप आणि सक्तमजुरी. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात दिलेलीच नव्हती. कायद्याच्या इतिहासकार राधिका सिंघा यांनी या गोष्टीचं महत्त्व नेमकं दाखवून दिलं आहे: विशिष्ट कृत्याऐवजी विशिष्ट प्रकारचा माणूस असणं शिक्षेला पुरेसं ठरलं.

त्याच वर्षी कलकत्त्याला स्लीमनचं 'रामासियाना' प्रसिद्ध झालं. त्यात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश होता आणि ठग कुटुंबांच्या वंशावळीही होत्या. कोश आणि वंशावळ एकाच पुस्तकात बांधल्या गेल्या, ही या शब्दाच्या इतिहासातली कळीची गोष्ट आहे. स्वतंत्र भाषा, स्वतंत्र देवी, बापाकडून मुलाकडे जाणारा धंदा. एवढं जमवल्यावर लुटारूंच्या टोळ्यांची एक जमात तयार होते. किम वॅगनरसारख्या इतिहासकारांनी हे चित्र बारकाईने तपासलं आहे. गरिबी, स्थानिक जमीनदारांचा आश्रय, हंगामी लूटमार अशा साध्या कारणांचा त्यात किती मोठा भाग होता, हे त्यांनी दाखवलं आहे. पण इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचला तो जन्मजात खुनी.

ही कल्पना ठगांबरोबर संपली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा तिचाच विस्तार होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा तर्क त्या विधेयकाच्या पाठीशी सरकारदरबारी मांडला गेला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. ठगांसाठी निघालेलं खातं दरोड्यांसह पुढे चालत राहिलं आणि १९०४ मध्ये केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खात्याने त्याची जागा घेतली.

३. कवट्या आणि कादंबरी

इथे वंशशास्त्राचा संबंध केवळ अनुमानाने जोडावा लागत नाही. सागरला फाशी दिलेल्या ठगांच्या सात कवट्या हेन्री स्प्राय या डॉक्टरने १८३३ च्या सुमारास एडिंबरोच्या कपालसामुद्रिक मंडळाकडे पाठवल्या. तिथे त्या मोजल्या गेल्या, त्यांच्यावर लेख लिहिला गेला. कवटीच्या आकारावरून स्वभाव आणि वंशाची पायरी ठरवणारं हे तथाकथित शास्त्र त्या काळी प्रतिष्ठित होतं. 'थग' हा शब्द इंग्रजीत रुजत असताना, नेमक्या त्याच वर्षांत, तो शब्द धारण करणाऱ्या डोक्यांचं माप घेतलं जात होतं.

लोकांच्या मनात तो रुजवला कादंबरीने. निजामाच्या चाकरीत असलेल्या, पुढे आपल्या नळदुर्गातही अधिकारी राहिलेल्या टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ थग' १८३९ मध्ये लंडनला निघाली. राणी व्हिक्टोरियानेही ती वाचली. स्लीमनचे अहवाल अधिकाऱ्यांनी वाचले असतील. कादंबरीचा नायक, ठग अमीर अली मात्र घराघरांत गेला.

४. गोऱ्यांनाही लागलेला शब्द

या टप्प्यावर कुणी विचारील: मूळ एवढं वांशिक होतं, तर पुढे शंभर वर्षं हा शब्द गोऱ्यांना कसा लावला गेला? आक्षेप रास्त आहे आणि पुरावाही भक्कम आहे. टॉमस कार्लाइलने १८३९ मध्येच ग्लासगोच्या संपकरी सूतगिरणी कामगारांच्या संदर्भात हा शब्द वापरला. १८५०च्या दशकात न्यू ऑर्लिन्समध्ये स्थलांतरितांच्या विरोधात मतदानकेंद्रांवर दहशत माजवणाऱ्या टोळ्यांना तो लावला गेला. मार्क ट्वेन १८९६ मध्ये मुंबईत उतरला, देशभर हिंडला आणि पुढच्या वर्षी प्रवासवर्णन लिहिताना त्याने ठगांवर बरीच पानं खर्च केली. दुसऱ्याला मरताना पाहण्याची ओढ गोऱ्या माणसातही तेवढीच आहे, हे त्याने स्पष्ट मांडलं; त्या काळच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती.

सर्वांत बोलकं उदाहरण केंटकी राज्यातल्या हार्लन काउंटीचं आहे. १९३०च्या दशकात तिथल्या कोळसा खाणींत कामगार संघटना उभी राहू नये म्हणून खाणमालकांनी बंदूकधारी माणसं पोसली होती. त्यांतल्या अनेकांकडे सरकारी बिल्लेही होते. खाणकामगार त्यांना 'गन थग' म्हणत. म्हणणारे बहुतांश गोरे, म्हणवून घेणारेही गोरे, आणि शब्दाचा रोख खालून वर.

पण हार्लनचा 'थग' आणि स्लीमनचा 'थग' यांत एक फरक आहे. हार्लनमध्ये शब्द पुन्हा कामाचं नाव झाला होता. मालकाचा पगार घेऊन बंदूक चालवतो तोवर तो माणूस 'गन थग'. पगार सोडला, बंदूक टाकली की तो पुन्हा शेजारी. त्याच्या पोराला जन्मतः कुणी 'थग' ठरवत नव्हतं. म्हणजे इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते, एक कामाचा आणि एक जन्माचा. गोऱ्यांच्या वाट्याला पहिला आला. दुसरा विसरला गेला नव्हता, वापराविना पडून होता.

५. पडून असलेला अर्थ कुणी उचलला

१९६० च्या दशकात अमेरिकेत नागरी हक्कांचे कायदे झाले आणि सार्वजनिक ठिकाणी काळ्यांना उघड शिवी देणं राजकारण्याला महाग पडू लागलं. रिपब्लिकन पक्षाचा रणनीतिकार ली अ‍ॅटवॉटर याने १९८१ च्या एका मुलाखतीत हे सरळ सांगितलं: आधी थेट शिवी चालायची, मग ती चालेना, म्हणून भाषा अधिकाधिक आडून बोलणारी झाली, करकपात, राज्यांचे हक्क असे शब्द आले. बोलणारा वंशाबद्दल अवाक्षर काढत नाही, ऐकणाऱ्याला मात्र रोख कळतो. अशा वेळी कोशात निर्दोष दिसणारा शब्द हवाच असतो.

मग गुन्हेगारी हा विषय पुढे आला. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विक्रीसाठी ५ ग्रॅम क्रॅक कोकेन बाळगणाऱ्याला ५०० ग्रॅम कोकेनच्या भुकटीइतकीच, किमान पाच वर्षांची शिक्षा ठरली. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुतांश काळे होते. १९९५ मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक जॉन डिइयुलिओ यांनी 'सुपरप्रिडेटर' हा शब्द आणला: दयामाया नसलेल्या किशोरवयीन गुन्हेगारांची एक पिढी येते आहे, असं भाकीत. ती पिढी आली नाही, किशोरांची गुन्हेगारी उलट घटली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अल्पवयीनांच्या आजन्म कैदेला विरोध करणाऱ्यांत स्वतः डिइयुलिओ सामील झाले. तोवर राज्याराज्यांत मुलांना प्रौढांप्रमाणे शिक्षा देण्याची वाट रुंद झाली होती. स्लीमनच्या वंशावळीशी या भाकिताची तुलना करण्याजोगी आहे. कृत्य घडण्याआधीच तिथे माणूस ठरलेला असतो.

२३ नोव्हेंबर २०१२ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे मायकल डन या गोऱ्या माणसाने पेट्रोल पंपावर उभ्या गाडीवर दहा गोळ्या झाडल्या. गाडीत चार काळे किशोर मोठ्याने गाणी ऐकत होते. सतरा वर्षांचा जॉर्डन डेव्हिस मारला गेला. गोळीबाराआधी डन 'थग म्युझिक'बद्दल तिरस्काराने बोलला होता, अशी साक्ष त्याच्याच सोबतिणीने न्यायालयात दिली. त्या मुलांकडे शस्त्र सापडलं नाही. आवाज मोठा होता, एवढंच घडलेलं कृत्य. २०१४ मध्ये डनला खुनाबद्दल दोषी ठरवून आजन्म कारावास दिला गेला.

शब्दाचं वाटप सर्वांत स्वच्छ दिसलं ते २०१५ च्या वसंतात. बाल्टिमोरमध्ये पोलिसांच्या ताब्यात जखमी झालेला फ्रेडी ग्रे १९ एप्रिलला मरण पावला आणि २७ तारखेला, त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी, दंगल पेटली. दुकानं लुटली गेली, गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले. गव्हर्नरपासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत 'थग' हा शब्द ऐकू आला. तीन आठवड्यांनी, १७ मे रोजी, टेक्सासमधल्या वेको इथे मोटारसायकलवाल्यांच्या टोळ्यांत गोळीबार झाला. नऊ माणसं मेली, पावणेदोनशेच्या वर अटका झाल्या. त्या टोळ्या प्रामुख्याने काळ्यांच्या नव्हत्या. बातम्यांत त्यांना 'बायकर' म्हटलं गेलं, आणि हा फरक त्याच आठवड्यात अमेरिकी भाष्यकारांनी दाखवून दिला. नऊ माणसं मेली तरी शब्द धंद्या-छंदाचाच राहिला.

'हिप-हॉपनेच तर आणला!'

हा आक्षेप नेहमी येतो. टुपाक शकूरने पोटावर 'थग लाइफ' गोंदवून घेतलं, १९९४ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. बोन थग्ज-एन-हार्मनीसारखे गट लोकप्रिय झाले. मग काळ्यांनी स्वतःला लावलेला शब्द इतरांनी वापरला तर तक्रार कशाला?

टुपाकने या अक्षरांची फोड करून सांगितलेला आशय असा होता, की लहान मुलांच्या मनात समाज जो द्वेष पेरतो तो शेवटी सगळ्या समाजालाच भोवतो. अँजी टॉमस यांच्या 'द हेट यू गिव्ह' या २०१७ च्या कादंबरीचं नाव त्याच फोडीतून आलं. हातात काहीच नसलेला आणि तरी उभा राहिलेला, असा त्याचा 'थग' होता. लादलेलं नाव अंगावर घेऊन ते लादणाऱ्यासमोर धरण्याची ही रीत मराठी वाचकाला अनोळखी नाही. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाचं नाव 'उचल्या' ठेवलं आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाच्या नावामुळे एखाद्या फौजदाराला उचल्या जमातीच्या माणसाला चौकीत 'ए उचल्या' म्हणून हाक मारण्याचा परवाना मिळत नाही. शब्द तोच असतो, पण लेखक तो आपल्यावर काय गुदरलं हे सांगायला वापरतो आणि फौजदार पुढची कारवाई सुरू करायला.

'ओबामाही म्हणाले होते'

म्हणाले होते, आणि व्हाइट हाउसने ते मागेही घेतलं नाही. बाल्टिमोरच्या काळ्या महापौर स्टेफनी रॉलिंग्ज-ब्लेक यांनीही तो वापरला, पण त्यांनी पुढे तो मागे घेतला. नगरसेवक कार्ल स्टोक्स यांनी तर सीएनएनवर सांगितलं, की मग मूळ शिवीच द्या ना, लपवता कशाला.

यावरून 'काळ्यांनीच म्हटलं' एवढं सिद्ध होतं; शब्द निरुपद्रवी आहे हे होत नाही. काळ्या समाजातही वर्ग आहेत. शिकलेला, स्थिरावलेला वर्ग गल्लीतल्या पोरांपासून अंतर राखू पाहतो आणि त्यासाठी बहुसंख्याकांची भाषा उचलतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांनी त्याच दिवसांत हा मुद्दा मांडला, की या शब्दाचे आता दोन वापर आहेत. काळ्यांच्या तोंडी त्यात कधी आपुलकी किंवा कौतुकही असू शकतं, गोऱ्या राजकारण्याच्या तोंडी त्याचं वजन बदलतं. २९ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या निदर्शकांबद्दल डोनाल्ड ट्रम्प यांनी तो ठळक अक्षरांत लिहिला आणि पाठोपाठ गोळीबाराची भाषा केली. ट्विटरने त्या मजकुरावर हिंसेच्या उदात्तीकरणाची सूचना चिकटवली. शब्दामागून काय येऊ शकतं, हे तिथे उघड वाचायला मिळालं.

मग दंगलखोराला काय म्हणायचं?

ज्याचं दुकान जळलं त्याचा संताप खरा असतो. त्याच्यासमोर शब्दांच्या इतिहासाचं व्याख्यान देणं निर्दयपणाचं होईल. पण दुकान लुटणाऱ्याला लुटारू म्हणता येतं, आग लावणाऱ्याला जाळपोळ करणारा म्हणता येतं. हे शब्द सौम्य नाहीत आणि त्यांची जबाबदारी नेमकी आहे: लूट झाली का, कुणी केली, पुरावा काय, असे प्रश्न त्यांच्यामागून येतात. 'थग'मागून असे प्रश्न येत नाहीत. बंदी घालण्याचा मुद्दाच इथे नाही. बंदी घातलेल्या शब्दाची जागा दुसरा घेतो, हे अ‍ॅटवॉटरनेच सांगून ठेवलं आहे.

भामट्याने घातला गंडा

हे सगळं अमेरिकेचं म्हणून मराठी वाचकाने बाजूला ठेवण्यासारखं नाही. इथल्या तरुणांच्या मोबाइलवर 'थग लाइफ'च्या चित्रफिती फिरतात, आणि काळा चष्मा चढवून मिरवणाऱ्या त्या 'थ'च्या शब्दात आपल्याच घरचा 'ठ' आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. ती मजेची गोष्ट झाली. गंभीर गोष्ट वेगळी आहे.

'भामट्याने घातला लाखांचा गंडा' हा मथळा मराठी वृत्तपत्रांत नेहमी दिसतो. लिहिणाऱ्याला फसवणारा माणूस एवढंच म्हणायचं असतं. पण भामटा हे राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीतलं नाव आहे. राजपूत भामटा हेही आहे. त्या नावाचा दाखला शाळेत देणारी मुलं तोच मथळा वाचतात. गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून १९५२ मध्ये गेला, ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, सोलापुरात त्या कायद्याच्या काळातलं 'सेटलमेंट' हे वस्तीचं नाव मात्र अजून चालतं. पारध्यांच्या पालावर चोरीच्या तपासासाठी आधी जाणं ही सवय कायद्याच्या आधाराशिवायही टिकली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींचाही न्यायालयाने समाचार घेतला आणि या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची दक्षता घ्यायला पोलिसांना सांगितलं. न्यायालयाने नियमावल्या दुरुस्त करायला लावल्या. मथळे दुरुस्त करण्याचं काम संपादकांचं आहे आणि त्याला कुठल्याही निकालाची गरज नाही: 'भामट्या'च्या जागी 'फसवणूक करणारा' एवढा बदल पुरेसा आहे, आणि आरोपीच्या जमातीचा उल्लेख गुन्ह्याशी संबंध नसेल तर गाळता येतो. मराठी वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्ता विभागांनी हे ठरवून करावं, आणि आजपासून करावं.